पंपाची पूजा

आमच्या घरात कोणतंही यंत्र पूजा झाल्याशिवाय सुरू होत नाही. मिक्सर आला, नारळ फुटला. इन्व्हर्टर आला, नारळ फुटला. इंटरनेटचा डबा बसवायला आलेल्या माणसाला आईनं तासभर बसवून ठेवलं होतं, कारण घरात फूल नव्हतं. शेवटी कंटाळून तो स्वतःच शेजारच्या कंपाउंडमधली जास्वंद तोडून आला आणि डब्याच्या दोन शिंगांमध्ये खोचून गेला. आपलं इंटरनेट अख्ख्या गल्लीत सगळ्यात जोरात पळतं ते त्या जास्वंदीमुळं, असं आईचं मत आहे. या विषयावर तिच्याशी वाद घालायची हिंमत मी केलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात आई न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाडाची काळजी मी घेतली, पाठीची तुम्ही घ्या. या वयात पडून पडून पाठीला जखम झाली तर ती हाडापेक्षा जास्त त्रास देते. दर दोन तासांनी कूस बदला आणि हवेची गादी आणा."

हवेची गादी म्हणजे रबरी नळ्यांची चटई. शेजारी शेजारी वीसेक लांबट फुगे असतात आणि पलंगाच्या पायथ्याशी पावाच्या लादीएवढा एक पंप टांगलेला असतो. पंप आधी एकाआड एक फुगे फुगवतो, मग ते सोडून उरलेले फुगवतो. त्यामुळं अंगाचा भार एका जागी राहत नाही. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे गादीच कूस बदलती म्हण की."

बायकोचं म्हणणं होतं, दवाखान्यासमोरच्या दुकानातून घ्या. "माणूस तोंडओळखीचा हाय. बिघडलं तर जाऊन भांडता तरी येतंय."

"भांडायला ऑनलाइनवर काय बंदी हाय?" मी म्हणालो. हे वाक्य मला त्या क्षणी फार आवडलं. आजही आठवतं, आणि आठवलं की अंगावर काटा येतो.

गादी चौथ्या दिवशी आली. पांढराशुभ्र पंप, त्यावर निळ्या अक्षरात कंपनीचं नाव, मागं एक चंदेरी कागद चिकटवलेला. हा कागद फाटल्यास माल परत घेतला जाणार नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मी पिन बोर्डात खोचणार, एवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"आरं, थांब! तसंच लावालास व्हय?"

आईला उठता येत नव्हतं, पण हुकूम सोडता येत होता. पडल्या पडल्या तिनं बायकोकडून सगळं करवून घेतलं. बायकोनं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चांगलं तळहाताएवढं. वर हळद, अक्षता, झेंडूचं फूल. नारळ मी फोडला. मग पंप सुरू झाला, घर्रर्र करत फुगे फुगले आणि आई त्यावर नव्या नवरीसारखी विराजमान झाली. "गुदगुल्या हुत्यात रं," असं म्हणून ती हसली. हाड मोडल्यापासून पहिल्यांदा हसली होती.

दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पंप घर्रर्र करतोय, पण निम्मे फुगे मेलेले. एकाआड एक सगळ्या नळ्या चपट्या आणि आई उरलेल्या नळ्यांवर, शिडीवर झोपवल्यासारखी. आम्ही गादी काढली, जुनी कापसाची घातली आणि मी मोबाईल हातात घेतला.

सुरुवातीचं सांगतो. माल परत करायचं बटण सापडायलाच अर्धा तास गेला. तिथं कारणं निवडायची होती. 'रंग आवडला नाही', 'माप चुकलं', 'विचार बदलला'. आईच्या पाठीचं कारण त्या यादीत कुठंच बसत नव्हतं. मी 'माल सदोष' निवडलं आणि दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकलवाले गृहस्थ माल न्यायला आले. माझ्याच वयाचे, पाठीवर भलंमोठं दप्तर. त्यांनी पंप खोक्यातून काढला, फिरवून बघितला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी सोयरीक मोडताना माणसं बघतात.

"पावणं, ह्याच्यावर कुंकू हाय."

"हाय की. पूजा केली."

"मोबाईल विचारतोय, मालावर डाग हाय का. व्हय दाबलं की पुढं जात न्हाय."

"मग न्हाय दाबा."

"फोटो काढाय लागतोय. फोटोत कुंकू येतंय." ते खरंच वाईट वाटून म्हणाले. "आमच्या घरात बी करत्यात ओ पूजा. पर आमची मंडळी जरा बारकं बोट लावत्या."

ते गेले. मी कंपनीकडं तक्रार केली, पंपाचे चारी बाजूंनी फोटो पाठवले. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. आवाज गोड, भाषा हिंदी.

"सर, फोटो में मशीन पर लाल दाग दिख रहे हैं. क्या किसी को चोट आई है?"

"चोट नहीं मॅडम. कुंकू है."

"सर, यहाँ लिखा है, खून लगा हुआ सामान हम वापस नहीं ले सकते."

"खून नहीं ओ! पूजा किया है! स्वस्तिक है, देखो नीट!"

"सर, आप घबराइए मत. मरीज़ अब कैसे हैं?"

कोल्हापुरी माणसाचं हिंदी रागात आलं की त्याला कोणतंच व्याकरण अडवू शकत नाही. मी दहा मिनिटं बोललो. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, डाग साफ करून नवे फोटो पाठवा.

आता ओलं कुंकू खडबडीत पांढऱ्या प्लास्टिकवर चार दिवस राहिलं की ते जातं का? मी दातांची पेस्ट लावली. लिंबू घासलं. मग बायकोच्या कपाटातलं नखांचा रंग काढायचं औषध कापसावर घेतलं. कुंकू तसंच राहिलं, पण कंपनीचं निळं नाव मात्र साफ पुसून गेलं. नवे फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, फोटोतला माल आमचा असल्याची खात्री पटत नाही.

मी रागावलो असेन, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगायचं तर मी खूश झालो. मला गोष्ट सापडली होती. पोराच्या बारशापासून म्हाताऱ्याच्या बाराव्यापर्यंत कुठंही गेलो तरी लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढतात आणि मी त्यांना निराश करत नाही. अशा माणसाला जेव्हा एखादी कंपनी कुंकवाला रक्त म्हणते, तेव्हा त्याला आपलं संकट दिसत नाही, खुर्च्या दिसतात.

बायकोला मात्र संकटच दिसत होतं. आईच्या पाठीवर माकडहाडाच्या जागी तांबूस डाग पडला होता आणि बोटानं दाबलं तरी तो जात नव्हता. मी तो बघितला नव्हता. मुलासमोर पाठ उघडी करायची आईची तयारी नसायची. अंग पुसणं, तेल लावणं हे बायकोकडं. नेमकं त्याच वेळी बायकोच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि तिला तीन दिवस हातकणंगल्याला जाणं भाग पडलं.

निघताना पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली. "दोन तासांनी वळवा. डाग वाढतोय काय बघा, लाजू नका. आणि कोपऱ्यावर तो फिशटँकवाला हाय न्हवं, त्याच्याकडं असलेच पंप असत्यात. एकदा दाखवून तर आणा."

"त्यासाठी मागचा कागद फाडावा लागणार."

"मग फाडा."

"कागद फाडला की आपली केस गेली. आत्ता कंपनी पूर्ण कोंडीत हाय. मी वरच्या साहेबापर्यंत गेलोय."

ती पायरी उतरली. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "साहेबाला पाठ हाय काय?"

पहिल्या दिवशी सकाळी तीन मित्र आईला बघायला आले. आत जाऊन पाया पडले, विचारपूस केली आणि बाहेरच्या खोलीत चहाला बसले. आणि मी सुरू झालो. त्या बाईंचा गोड आवाज काढला. माझं हिंदी काढलं. मोटारसायकलवाल्यांची सोयरीक मोडणारी नजर करून दाखवली. पंप मांडीवर घेऊन, लिंबू घासता घासता कंपनीचं नाव कसं नाहीसं झालं ते साभिनय सादर केलं. एका मित्राच्या नाकातून चहा आला.

"कुंकवाला रगात म्हणाली?"

"वर विचारालीय, मरीज कैसे हैं!"

"आता सोडायचं न्हाय भावा! गिऱ्हाईक कोर्टातच वढायचं!"

"आईच्या कुंकवानं कंपनी अडवली बघ!" दुसरा मांडीवर थाप मारून म्हणाला. आणि मी, जास्त टाळ्या मिळाव्यात म्हणून, हात वर करून मोठ्यानं म्हणालो, "तळहाताएवढं काढायला लावलं म्हातारीनं! बोटभर काढलं असतं तर आज नवा पंप घरात असता!"

आमची बाहेरची खोली आणि आईची खोली यांच्यामध्ये एक पडदा आहे.

मित्र गेल्यावर मी आत गेलो. आईनं विचारलं, "एवढं काय हसालतासा?"

"काय न्हाय. असंच."

"हसावं," ती म्हणाली आणि भिंतीकडं बघत राहिली.

त्या दिवसापासून आई एकदम शहाणी झाली. त्याआधी ती कण्हायची, कूस बदलताना "आई गं" म्हणायची, बायकोवर खेकसायची. आता एक शब्द नाही. सकाळी शेजारच्या काकू अंग पुसायला यायच्या, त्यांनाही तिनं सांगून टाकलं, "पाठ काल पुसलीया, ऱ्हाऊ दे." मी वळवायला गेलो की म्हणायची, "आत्ताच तर वळवलास की. तुझं फोनवरचं काम बघ." मी विचारायचो, "दुखालंय काय?"

"छे. काय न्हाय दुखत."

मला बरं वाटायचं. औषध लागू पडलं, असं मी मनाशी म्हणायचो आणि पुन्हा बाहेर येऊन मोबाईल घ्यायचो. कंपनीच्या वरच्या साहेबाशी माझा पत्रव्यवहार रंगात आला होता. मी एक पत्र तर एवढं झोकात लिहिलं होतं, की ते आधी मित्रांना पाठवलं आणि मग कंपनीला. डाग बघायचं राहून गेलं. खोटं कशाला सांगू, राहून गेलं नाही. एकदा मी चादर उचलायला हात पुढं केला होता. आईनं पदर ओढून घेतला आणि मी सुटलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको आली. चप्पल काढली आणि पिशवी खांद्यावरून न उतरवता आत गेली. मी बाहेरून ओरडून सांगत होतो, "आपला जय होणार बघ! साहेबानं चोवीस तास मागितल्यात!"

आतून पलंग करकरला. मग ती म्हणाली, "इकडं या."

आईला तिनं कुशीवर वळवून धरलं होतं. माकडहाडाच्या वर कातडी गेली होती. जुन्या रुपयाएवढी जागा, कडा काळपट, मध्ये ओलं. चादरीला चिकटलं होतं. माणसाच्या पाठीवर असं काही असू शकतं आणि ते माणूस तीन दिवस गप्प बसू शकतं, हे मला त्या क्षणी कळेना.

"आत्ती," बायको म्हणाली, "दुखत न्हवतं व्हय ओ?"

आई भिंतीकडं तोंड करूनच बोलली. "दुखत हुतं की. पर कुंकू लावाय मीच सांगितलं न्हवं? त्यानंच अडलं म्हणाला त्यो. आपुनच अडवायचं आणि आपुनच कण्हत बसायचं व्हय? लोकं हसालती."

"लोकं आपणहून न्हाय हसली," बायको म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी पंप खोक्यातून काढला. चंदेरी कागद नखानं फाडला. कसलाच आवाज झाला नाही. तो वाचवण्यासाठी मी इतके दिवस घालवले होते आणि तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघाला.

फिशटँकवाला काचा पुसत होता. मी पंप त्याच्यापुढं ठेवला.

"किती फुटाची टाकी, पावणं?"

"टाकी न्हाय."

"मग मासा कुठला?"

"मासा न्हाय. माझी आई हाय."

त्यानं फडकं खाली ठेवलं. मी कसंबसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट दोन वाक्यांत संपवली. त्यानं चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत दोन रबराच्या टोप्या होत्या, एक चिरलेली. "हितनं हवा निसटालीय," तो म्हणाला. बरणीतून तशीच एक टोपी शोधली, कात्रीनं कड थोडी छाटली, बसवली, अंगठा लावून हवा बघितली. झाकण लावताना त्याला स्वस्तिक दिसलं. लिंबू आणि पेस्टनं ते आता गुलाबी झालं होतं.

"पूजा केलीया व्हय. बरं केलं." मग म्हणाला, "बिघडल्या बिघडल्या आणायचा की ओ."

हे तो सहज म्हणाला. शिवी दिली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

संध्याकाळी गादी पुन्हा पलंगावर आली. डॉक्टरांनी बघून सांगितलं, जखम वरवरची नाही, रोज पट्टी करावी लागेल, भरायला महिने जातील. खुब्याचा व्यायाम पुढं ढकलला. म्हणजे आईचं उठून बसणं, काठी घेऊन दारापर्यंत जाणं, सगळंच पुढं ढकललं गेलं. पट्टीला लागणारं सामान त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि मी ते दवाखान्यासमोरच्या दुकानातून आणलं. कागद वाचून तिथल्या माणसानं विचारलं, "हवेची गादी हाय न्हवं? कुठनं घेतली?" मी म्हणालो, "पावण्यांची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा निरोप आला. आपली विनंती मंजूर झाली आहे, मागचा चंदेरी कागद शाबूत असल्याची खात्री करून माल तयार ठेवावा. मी तो वाचला आणि पुसून टाकला. मित्रांनी विचारलं, "काय झालं रं तुझ्या कंपनीचं?" मी म्हणालो, "मिटलं." ते थोडा वेळ वाट बघत बसले, मग आपापल्या कामाला गेले.

पट्टी करायला सिस्टर यायच्या. चार दिवस त्यांचं बघून बायको शिकली. ती पट्टी करायची आणि मी आईला कुशीवर धरायचो, माझ्याकडं तोंड करून. तिच्या खांद्यावरून पाठ मला दिसायची. आता पदर ओढून घ्यायला तिचे हात मोकळे नसायचे. ते माझ्या खांद्यावर असायचे.

रोज मी विचारायचो, "दुखालंय?" रोज ती म्हणायची, "न्हाय." आणि तिची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. मला तिच्या शब्दाचा भरवसा राहिला नव्हता. तिचा माझ्यावर किती राहिला होता, ते विचारायचं धाडस नव्हतं. सोळा-सतरा दिवस असेच गेले.

मग एका सकाळी बायकोनं जुनी पट्टी ओढली आणि ती कुठंतरी चिकटलेली होती. आईचं अंग ताठ झालं.

"दुखालंय?" मी विचारलं.

तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. बायको थांबली. पंप घर्रर्र करत राहिला.

"आई, खरं सांग. दुखालंय?"

"दुखालंय की रं!" आई एकदम ओरडली. "लई दुखालंय! इचारालायस काय सारखं सारखं! आणि तू गं, सावकाश की जरा, पाठ हाय का परात हाय?"

बायकोनं मान खाली घातली आणि पट्टीवर पाणी सोडत हळूहळू ती सोडवायला लागली. आई कण्हत राहिली, मोठ्यानं, आम्हा दोघांना नावं ठेवत. मी तिला तसंच धरून उभा राहिलो.